वरच्या कप्प्यातला दिवा

२२ फेब्रुवारी १९८७, रविवार

हेमचंद्र आज स्वतः आला होता. आमच्या मीनूला नकार कळवायला पोस्टकार्ड टाकलं असतं तरी चाललं असतं, पण पोरगा सरळ आहे. आमच्याच फॅक्टरीत लॅबमध्ये असतो, राहतो अंबरनाथला मोरिवलीच्या बाजूला. तिथून सायकल हाणत इथे कात्रपपर्यंत आला आणि दारातच उभा राहून म्हणाला, "काका, आई नाही म्हणते." मीनूनेच त्याला पाणी आणून दिलं. मग ती न्हाणीघरात गेली आणि नळ मोठा सोडला. बादली केव्हाच भरून वाहत होती, तरी नळ चालू होता. कुंदा दाराशी उभी राहिली, हाक मारली नाही. मी पेपर उघडून बसलो.

मीनूला अकराव्या वर्षापासून साखरेचा आजार आहे. दोन वेळा इन्सुलिनचं इंजेक्शन, त्यासाठी काचेची सिरिंज उकळायची, नळीत निळं औषध आणि लघवीचे थेंब घालून स्पिरिटच्या दिव्यावर तापवायचं आणि रंग बघायचा. निळा राहिला तर उत्तम, हिरवा चालेल, पिवळा वाईट, विटकरी फारच वाईट. हे सगळं ती दात घासावेत तसं करते. बालवाडीत शिकवायला जाते, गाणी म्हणते, कुणाला पत्ता लागत नाही.

मी म्हटलं होतं, साखरपुडा होऊ दे, मग सावकाश सांगू. पण ती मंडळी पोहे खात असताना हिने सांगून टाकलं. त्या वेळी मी फार चिडलो होतो. खरं बोलायलाही वेळकाळ असते की नाही? ही पोर खोटं बोलत नाही, तिच्यात काही खोट असेल तर एवढीच.

१ मार्च, रविवार

ठरवलं. फ्रिज घ्यायचा.

कुंदा इन्सुलिनची बाटली माठाशेजारी ठेवते, ओल्या वाळूत पुरलेल्या बोळक्यात, वरून ओलं फडकं. इतकी वर्षं चाललं हे खरं. पण आता एप्रिल-मे येतील. आणि खरं कारण लिहायचं तर मीनूसाठी मला काहीतरी करायचं आहे. नवरा आणून देता येत नाही, निदान फ्रिज आणून देऊ.

कुंदा म्हणाली, माठात काय वाईट आहे? मी म्हटलं, तू राहा माठात. ती गप्प बसली. हल्ली ती लवकर गप्प बसते, त्यामुळे घरात शांतता असते.

उल्हासनगरच्या बाजारात एका सेठकडे जुना पण सुबक फ्रिज मिळाला. पिस्ता रंग, कुलूप-किल्ली असलेला. दार एका बाजूने जरासं खाली आलंय, लावताना किंचित उचलावं लागतं. सेठ म्हणाला, "साईं, दरवाजा बंद होता है ना? बस. आदमी भी उमर के साथ थोड़ा झुकता है." माणूस गोड बोलतो. टेंपोतून उतरवताना सगळी बिल्डिंग बघायला आली. कुंदाने फ्रिजला हळदकुंकू लावलं. मीनूने हात फिरवला आणि म्हणाली, "बाबा, कशाला एवढं?" तेवढ्यावर माझं भागलं.

८ मार्च, रविवार

फ्रिज गार होतो, बर्फही झाला. पण आतला दिवा लागत नाही. दार उघडलं की अंधार. सेठला विचारलं तर म्हणाला, बत्तीने कुठे थंडी येते? चाळीस रुपये जास्त दिले तर मेकॅनिक पाठवतो म्हणे. मी म्हटलं, नको. आपला हात जगन्नाथ. स्टोअर ऑफिसर असलो म्हणून काय झालं, अख्ख्या फॅक्टरीचं सामान माझ्या हातून जातं.

दोष शोधायची एक पद्धत असते. आधी प्लग काढला. मग बल्ब काढून कानाशी हलवला, आत तार तुटल्याचा आवाज. पण उसना आणलेला बल्ब लावूनही दिवा लागेना, म्हणजे दोष एकच नव्हता. मग आतल्या बाजूला, दाराच्या चौकटीत, एक पांढरं बटण असतं तिथे आलो. दार लागलं की ते दाबलं जाऊन दिवा विझतो, उघडलं की बाहेर येऊन दिवा लागतो. ते बटण आतच अडकून बसलं होतं. म्हणजे फ्रिजला वाटत होतं दार कायमच बंद आहे. मीनू बाजूला बॅटरी धरून उभी होती. तिला हे समजावून सांगितलं तर म्हणाली, "बिचारा." बटणाला की फ्रिजला, ते कळलं नाही.

१५ मार्च, रविवार

जमलं! बटण उघडून साफ केलं. आतली स्प्रिंग गंजून तुटली होती. नवं बटण बाजारात मिळेना, तेव्हा माझ्या बॉलपेनची स्प्रिंग कापून बसवली. चपखल. बोटाने बटण दाबलं की दिवा बंद, सोडलं की चालू. दहा वेळा केलं, दहाही वेळा बरोबर. कुंदालाही करायला लावलं.

फ्रिजचा छोटा बल्ब आधीच गेलेला, तसला दुसरा बाजारात मिळाला नाही, म्हणून होल्डर बदलून घरातला चाळीस वॅटचा लावला. त्यावर प्लॅस्टिकचं झाकण बसत नाही, तर राहू दे. उजेड किती! वरचा कप्पा नाटकाच्या स्टेजसारखा दिसतो. त्याच कप्प्यात, बल्बच्या अगदी शेजारी, तारेचं एक छोटं स्टँड करून बसवलं आणि त्यात इन्सुलिनची बाटली ठेवली. आता सकाळी चाचपडायला नको. दार उघडलं की आधी बाटलीच दिसते.

मीनू हसली. त्या रविवारनंतर पहिल्यांदा. म्हणाली, "बाबा, देव्हाराच केलात." मी आतल्या खोलीत जाऊन डोळे पुसले. कुणी बघितलं नसावं.

२ एप्रिल, गुरुवार

पाडवा झाला. ऊन कडक. फ्रिज दिवसभर घुंघुं करत चालतो, क्षणभर थांबत नाही. माझ्यासारखाच कामसू आहे, असं मी कुंदाला म्हटलं. ती म्हणाली, वरच्या कप्प्यातलं दही एका दिवसात आंबतं आणि बाटलीही हाताला गार लागत नाही. मी म्हटलं, तुम्ही मायलेकी दार सारखं उघडत बसता, त्याला फ्रिजने काय करायचं? तिने माठाचं काही काढलं, तेव्हा माझा आवाज चढला. एवढा खर्च, एवढी खटपट, आणि हिचं माठपुराण संपत नाही. नंतर वाईट वाटलं. पण एकदा बोललो ते बोललो.

मीनू म्हणते, इंजेक्शन आता पूर्वीसारखं झोंबत नाही. चला, तोही एक फायदा.

नळीचा रंग आज पिवळा होता. पाडव्याचं श्रीखंड तिने चाखलं तर नसेल? विचारलं नाही.

१९ एप्रिल, रविवार

रंग आठवडाभर नारिंगी, दोनदा विटकरी. मीनूला तहान फार लागते, तांबेच्या तांबे पाणी पिते. ब्लाउज खांद्यावरून उतरतात. बालवाडीला सुट्टी लागली, तेवढं बरं.

डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, इन्सुलिन नीट थंड ठेवता ना? मी म्हटलं, डॉक्टर, फ्रिज घेतलाय. खास तिच्यासाठी. ते म्हणाले, "वा, चिंतामणराव, मग प्रश्नच मिटला." मग त्यांनी मीनूला विचारलं, खाण्यात काही येतंय का? ती नाही म्हणाली. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मी त्यांच्याकडे. डोस वाढवून दिला.

वाटेत मी विचार करत होतो. मन मोडलं की माणूस गोडाकडे वळतं. माझी आत्या विधवा झाल्यावर गूळ चोरून खायची. मीनू बोलत नाही, पण हेमचंद्रचं तिने मनाला लावून घेतलंय हे मला काय दिसत नाही?

२ मे, शनिवार

आज व्हायचं ते झालं.

अक्षय्य तृतीयेला आमरस केला होता. मीनूच्या समोर आम्ही खात नाही, ती झोपल्यावर खातो. पातेलंभर उरला होता, तो फ्रिजमध्ये वरच्या कप्प्यात ठेवला. आज दुपारी बघतो तर पातेलं घासून पालथं घातलेलं. कुंदाला विचारलं, ती पदराने ओटा पुसत राहिली. मीनूला विचारलं, "तू खाल्लास?" ती नाही म्हणाली. मी जवळ गेलो तर तिच्या श्वासाला पिकल्या फळाचा वास येत होता. मी काय कुकुलं बाळ आहे?

मी ओरडलो नाही. फक्त सांगितलं की या घरात जोवर खरं बोललं जात नाही तोवर मी अन्नाला शिवणार नाही. आमच्या वडिलांची ही पद्धत होती. ते ताटावरून उठले की आम्हा भावंडांपैकी ज्याने केलं असेल तो आपोआप पुढे यायचा. मारण्यापेक्षा हे बरं. सत्याग्रहच म्हणायचा.

रात्री ताट तसंच झाकून ठेवलं.

३ मे, रविवार

सकाळचा चहा घेतला नाही. दुपारी कुंदाने दोनदा पान वाढलं, दोनदा उचललं. माझी ॲसिडिटी तिला माहीत आहे. ती काहीतरी बोलायला म्हणून आली आणि माझं तोंड बघून परत गेली. तिला मध्यस्थी करायची असणार.

संध्याकाळी मीनू माझ्या खुर्चीपाशी येऊन जमिनीवर बसली. म्हणाली, "बाबा, मी खाल्ला आमरस. आता जेवा."

मला इतकं हलकं वाटलं! मी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हटलं, झालं गेलं गंगेला मिळालं. मीनू खोटं बोलत नाही, तेव्हा हे खरंच. कुंदा स्वयंपाकघरात रडत होती. आईच ती, लेकीचं वाईट वाटणारच. मी तिलाही समजावलं.

मग पोटभर जेवलो. भरल्या वांग्याची भाजी फार सुरेख झाली होती.

उद्यापासून फ्रिजला कुलूप. किल्ली माझ्या जानव्याला.

१३ मे, बुधवार

चार ओळी लिहितो. शनिवारी मीनूला उलट्या सुरू झाल्या, श्वास मोठमोठा चालू लागला, हाक मारली तर ओ देईना. रिक्षाने उल्हासनगरच्या हॉस्पिटलात नेलं. दोन दिवस तिने डोळे उघडले नाहीत. मी बाहेर बाकावर बसून देवाला काय काय कबूल केलं, ते इथे लिहीत नाही.

आता बरी आहे. तिथल्या इंजेक्शनांनी दोन दिवसांत रंग पिवळा, आज तर हिरवा. तिथले डॉक्टर म्हणाले, तो फळासारखा वास आजाराचाच असतो, साखर फार वाढली की येतो. असेल. पण आमरस खाल्ल्याचं तिने स्वतःच कबूल केलंय. मी त्यांना तसं सांगितलं, तेव्हा त्यांनी मान डोलावली आणि केसपेपरवर काहीतरी लिहिलं. मी म्हटलं, बघा, इथे फ्रिज नाही, आमरस नाही, तर रंग कसा सुधारला. याहून पुरावा काय हवा?

हेमचंद्र रोज येतो. कॉटपाशी बसत नाही, पायथ्याशी उभा राहतो. आज मीनूला म्हणाला, "आई ऐकेल. मला पावसाळ्यापर्यंत वेळ दे." मी मुद्दाम चहा आणायला गेलो. परत आलो तर ती खिडकीबाहेर बघत होती आणि चेहरा असा होता की मला माझी लहानपणची मीनू आठवली.

१७ मे, रविवार

मीनू घरी आली. कुंदाने भाकरतुकडा ओवाळून टाकला. मी नवी कोरी बाटली आणून स्टँडमध्ये ठेवली, बल्ब फडक्याने पुसला, कुलूप लावलं. यावेळी कुठे म्हणून हयगय करायची नाही.

आज रंग हिरवा. मीनू पेटीवर बोटं टाकत बसली होती.

३१ मे, रविवार

मला कळत नाही. काही कळत नाही.

पहिला आठवडा बरा गेला. मग पुन्हा पिवळा, नारिंगी, आणि आज विटकरी. फ्रिजला कुलूप आहे. साखरेचा डबा मी कपाटात ठेवलाय. गूळ घरात नाही. मग ही खाते कुठून? शेजारी?

आज तिने माझा हात धरला. म्हणाली, "बाबा, मी खरंच काही खाल्लं नाही. मला जगायचंय आता."

मी म्हटलं, तेव्हाही असंच म्हणाली होतीस.

तिने हात सोडला. रागावली नाही. पुढे काहीतरी बोलणार होती, पण कुंदाकडे बघून थांबली. कुंदाने मान खाली घातली.

उद्या डॉक्टरांकडे न्यायचं आहे. पण उद्या स्टॉक तपासायला मुंबईहून साहेब येणार, म्हणून परवा नेतो.

५ जून, शुक्रवार

मीनू गेली. मंगळवारी पहाटे. रिक्षा अंबरनाथ ओलांडत होती.

२१ जून, रविवार

इतके दिवस वही उघडली नाही. आज जे झालं ते लिहून ठेवायला हवं. दुसरं कुणासाठी नाही. पुढे कधी मी स्वतःलाच वेगळं सांगू लागलो, तर हे असू दे.

तेरावं झालं, माणसं गेली. हेमचंद्र आला होता, त्याच्या आईला घेऊन. ती बाई कुंदाच्या गळ्यात पडून रडली. मला तिचा राग आला नाही. राग येण्याइतकं आत काही उरलेलं नव्हतं. कुंदा अन्न घेत नव्हती. चहाचा कप तोंडाला लावते आणि खाली ठेवते. मला वाटत होतं, दुःखाने. आज दुपारी मी म्हटलं, अगं, दोन घास खा. तर ती म्हणाली, "मला खायचा अधिकार नाही. मी माझ्या लेकीवर आळ येऊ दिला."

मग तिने सांगितलं. आमरस आंबला होता. त्यावर फेस आला होता. तो तिने मोरीत ओतला, पातेलं घासलं आणि मला सांगितलं नाही, कारण फ्रिजचं नाव काढलं की मी चिडतो. मीनूने ओतताना बघितलं होतं. मी ताटावरून उठलो, तेव्हा कुंदा दोनदा सांगायला आली आणि दोन्ही वेळा तिची जीभ उचलली नाही. शेवटी मीनू तिला म्हणाली, आई, तू नको बोलू, तुला बोलतील. मी सांगते काहीतरी.

मग एक गोष्ट डोक्यात आली. आमरस आंबला कसा? फ्रिजमध्ये, दोन दिवसांत?

मीनू गेल्यापासून फ्रिजला कुणी हात लावला नव्हता. कुलूप तसंच. मी जानव्याची किल्ली काढली, दार उघडलं आणि बल्बला बोट लावलं. चटका बसला. दार तर त्याच क्षणी उघडलं होतं. क्षणात बल्ब एवढा तापत नाही. दार लावून घेतलं, घटकाभर थांबलो, पुन्हा उघडलं. तरी तसाच तापलेला.

सकाळच्या कणकेचा गोळा परातीत होता. त्यातली चिमूटभर कणीक घेऊन त्या पांढऱ्या बटणावर चिकटवली. दार लावलं, उघडलं. कणीक होती तशीच, जराही दबली नव्हती. खाली आलेलं दार त्या बटणापर्यंत पोचतच नव्हतं. मी दहा वेळा बोटाने दाबून बघितलं होतं, पण दाराने दाबून एकदाही बघितलं नव्हतं. मार्चपासून तो चाळीसचा बल्ब बंद फ्रिजमध्ये रात्रंदिवस जळत होता आणि त्याच्या शेजारी, मी स्वतः वाकवलेल्या तारेत, तिचं औषध शिजत होतं. एकूण एक बाटली. एक संपली की दुसरी आणून पुन्हा तिथेच ठेवणारा मीच.

हॉस्पिटलात रंग का सुधारला, घरी का बिघडला, सगळं डोळ्यांसमोर होतं. मी त्याचा पुरावा केला, तिच्याविरुद्ध. ती नाही म्हणाली ते मी खोटं धरलं आणि हो म्हणाली ते खरं.

एक विचार आला, तो लिहितो. कुंदाला हे कशाला सांगायचं? बल्ब काढून टाकावा, फ्रिज सेठला परत द्यावा. कुणाला कळणार नाही. हा विचार मनात बराच वेळ होता. पण आत ती बाई माझ्या गुन्ह्यासाठी उपाशी बसली होती.

मी आत जाऊन सांगितलं. सगळं, बटणापासून कणकेपर्यंत. म्हटलं, तू नाही मारलंस तिला. मी मारलं.

कुंदाने ऐकून घेतलं. रडली नाही, मला बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. तिने विचारलं, "बाटली कोमट लागते म्हणून मी सांगितलं होतं ना तुम्हाला?" मी हो म्हटलं. पुन्हा सांगायचं धाडस नाही झालं, असं ती स्वतःशीच म्हणाली.

मी म्हटलं, आता मला अन्न जाणार नाही. कधीच नाही.

ती उठली. पिठलं टाकलं, भाकरी केल्या. पाट मांडला, पान वाढलं आणि माझ्यासमोर येऊन बसली.

"उठा, जेवून घ्या," ती म्हणाली. "पोर तेवढ्यासाठीच खोटं बोलली होती."

मी जेवलो.